उकिरड्याचे पांग

बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, अशी आपल्याकडे एक म्हण आहे. पांग फिटणे म्हणजे दैन्य सरणे. कोणा गरिबाचे बरे दिवस आले की ही म्हण हटकून ऐकू येते आणि ती ऐकणारा व सांगणारा दोघेही हसतात. हसण्याचे कारण उघड आहे. जगात सगळ्यांत हीन, सगळ्यांत टाकाऊ असे जे काही असेल ते म्हणजे उकिरडा, हे त्या म्हणीत गृहीत धरलेले आहे.

माझी आजी मात्र असे गृहीत धरीत नसे. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी, परसाच्या टोकाला, गोठ्यापलीकडे आमचा उकिरडा होता. दिवाळीत तुळशीपाशी, उंबऱ्यावर, आडाच्या काठावर पणत्या लावून झाल्या की शेवटची पणती घेऊन आजी उकिरड्याकडे जाई. शेणाचा गोळा थापून त्यावर ती पणती ठेवी, हळदकुंकू वाही आणि हात जोडी. आम्ही मुले दूर उभे राहून नाके मुरडीत असू. एकदा मी तिला विचारले, “आजी, घाणीला कशाला नमस्कार करतेस?” ती म्हणाली, “घाण? अरे, घरात जे काय येतं ते शेवटी तिथं जातं, आणि तिथनंच परत घरात येतं.” मला तेव्हा त्यातले काही उमजले नाही.

पुढे मी मास्तर झालो. वर्गात एखाद्या पोराला गणित आले नाही की “डोक्यात शेण भरलंय का रे?” हे वाक्य माझ्या तोंडून सहज बाहेर पडू लागले. वीस वर्षांत ते किती वेळा बाहेर पडले असेल, याची गणती नाही.

गेल्या वर्षी घराभोवतीच्या दोन गुंठ्यांत भाजीपाला लावावा, असे मनात आले. आंब्याचा आणि जांभळीचा पाचोळा ढिगाने पडत होता. तो जाळण्याऐवजी कुजवावा म्हणून मी कोपऱ्यात रचून ठेवला. चार महिने तो होता तसाच राहिला. वर्गातल्या एका मुलाच्या घरी कोंबड्यांची शेड होती. त्याने उत्साहाने सांगितले, “गुरुजी, कोंबडखत टाका, लगेच कुजतंय.” दुसऱ्याच दिवशी त्याने आणि त्याच्या बापाने चार पोती आणून टाकली. मी ती एका जागी रिकामी केली, वरून भरपूर पाणी मारले आणि स्वतःवर खूश होऊन घरात गेलो.

तिसऱ्या दिवशी आळीत उभे राहवेना. डोळ्यांत पाणी आणणारा उग्र दर्प, त्यावर माश्यांचे थवे. शेजारी भले माणूस, तेही कुंपणापाशी येऊन “मास्तर, हे काय मांडलंय?” असे विचारून गेले. त्याच घाणीतले घमेलाभर मी अतिउत्साहाने वांग्याच्या रोपांना घातले होते. ती करपून माना टाकून बसली. संध्याकाळी त्या मुलाची आजी स्वतः आली. साठीपलीकडची, हाताला घट्टे पडलेली बाई. ढिगाकडे बघून तिने कपाळाला हात लावला.

“गुरुजी, कोंबडीची घाण लई गरम असतीया. ती एकटी ठिवायची न्हाई. तिला पाचोळा पायजे, माती पायजे, वारा पायजे. आन् तुमचा पाचोळा तिकडं उपाशी पडलाय बगा.”

उपाशी पाचोळा! कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला हेवा वाटावा असा शब्द होता तो. त्या रात्री मला झोप आली नाही. या बाईला हे कोणी शिकवले? तिला शिकवणाऱ्याला कोणी शिकवले? शास्त्र मी मॅट्रिकपुरतेच शिकलो. पण इतिहासाचा नाद जुना आहे. मी पुस्तके काढून बसलो, आणि पाहतो तो काय, उकिरड्याला इतिहास आहे. राजेरजवाड्यांच्या इतिहासाइतका जुना, आणि पुष्कळदा त्याहून अधिक खरा.

*

आपल्याकडे ‘कृषिपराशर’ नावाचा एक प्राचीन संस्कृत ग्रंथ आहे. त्यात खताचा विधी दिला आहे. माघ महिन्यात शेणाच्या ढिगाची आदराने पूजा करावी, शुभ दिवशी तो कुदळीने फोडावा, उन्हात वाळवून बारीक करावा, फाल्गुनात शेतात खड्डे करून त्यांत भरावा आणि पेरणीच्या वेळी बाहेर काढून पसरावा. खताविना पीक वाढते, पण फळत नाही, असेही त्यात बजावले आहे. माझ्या आजीने हा ग्रंथ पाहिलेला नव्हता. तिची पणती मात्र त्याच पूजेच्या वाटेवरची होती. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त वृक्षायुर्वेदावर एक अध्याय लिहिला आहे. शेळ्यामेंढ्यांच्या लेंड्या, तीळ वगैरे पदार्थ पाण्यात सात रात्री भिजत ठेवून ते झाडांना घालावे, असे त्यात सांगितले आहे. लेंडीखताचा महिमा आपल्या शेतकऱ्याला नवा नाही. धनगराची मेंढरे रानात बसवून घ्यायची आणि त्याबद्दल त्याला धान्य द्यायचे, हा व्यवहार दख्खनच्या पठारावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे.

आणि कोंबडी? तिचा मान शोधायचा तर रोमला जावे लागते. पहिल्या शतकात कोलुमेला नावाचा एक जमीनदार होऊन गेला. शेतीवर त्याने बारा भागांचा ग्रंथ लिहिला. त्याने खताच्या चक्क पायऱ्या लावल्या आहेत. पहिला मान पक्ष्यांच्या विष्ठेला. त्यातही आधी कबुतराची, मग कोंबडीची. बदक आणि हंस यांची मात्र त्याने पंक्तीतून उठवली आहे. त्यानंतर माणसाचे खत, आणि जनावरांचे शेवटी. पण मला त्याचे खरे मोठेपण वाटले ते दुसऱ्याच एका जागी. ज्याच्या घरी ना जनावर ना पाखरू, त्यानेही खत नाही अशी सबब सांगू नये. पाने, काटेरी झुडपे, राख, भुसा, घरातला केर एकत्र करून कुजवावा, आणि एवढेही न करील तो शेतकरी आळशी समजावा, असे तो म्हणतो. दोन हजार वर्षांपूर्वीच्या या माणसाने माझ्याच अंगणात उभे राहून मला ‘डोक्यात शेण’ म्हटल्यासारखे वाटले.

इराणातल्या इस्फहान शहराभोवती सफवी राजांच्या काळी कबुतरांसाठी मोठमोठे बुरूज उभारले होते. आत भिंतीला हजारो कोनाडे. पाखरे मारण्यासाठी पाळलेली नव्हती. बाहेर चरून येत, रात्री बुरुजात बसत, आणि खाली साचलेली विष्ठा वर्षातून एकदा काढून खरबुजांच्या मळ्यांना घालीत. तिकडच्या खरबुजांची गोडी वाखाणली जाते. तिच्या मुळाशी काय होते, हे खाणारे सहसा विचारीत नाहीत.

पक्ष्यांच्या विष्ठेत एवढे काय असते? गाईचे मूत्र वेगळे आणि शेण वेगळे. पाखराचे तसे नाही. त्याचे दोन्ही एकाच वाटेने, एकत्र पडते. कोंबडीच्या विष्ठेवर जो पांढरा भाग दिसतो तोच तिच्या मूत्राचा अंश. पिकाला लागणारा नत्र त्यात ठासून भरलेला असतो, शेणाच्या कित्येक पट. म्हणून ती ‘गरम’. म्हणूनच ती ताजी घातली की मुळे करपतात, आणि नुसती ओली ठेवली की तो नत्र अमोनिया होऊन हवेत उडतो. माझ्या आळीतल्या लोकांच्या डोळ्यांतून जे पाणी आले ते त्याचेच.

*

आता जरा दूरच्या समुद्रात जाऊ. दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाच्या किनाऱ्याजवळ चिंचा नावाची तीन ओसाड बेटे आहेत. आपल्या चिंचेशी त्यांचा संबंध नाही. तेथे पाऊस जवळजवळ पडत नाही, आणि समुद्रात मासे अलोट. ते खाणाऱ्या लक्षावधी पाखरांची विष्ठा हजारो वर्षे त्या खडकांवर साचून शंभर फुटांहून उंच थर झाले होते. याला ग्वानो म्हणतात. तिथल्या इंका राजांना त्याची किंमत ठाऊक होती. पाखरांच्या विणीच्या काळात त्या बेटांवर पाय ठेवणाऱ्यास देहदंड असे, असे जुने बखरकार सांगतात. हुंबोल्ट या जर्मन प्रवाशाने १८०४ साली त्याचे नमुने युरोपात नेले. १८४० पासून जहाजे लागली, आणि पुढच्या चाळीस वर्षांत पेरूहून एक कोटी टनांहून अधिक ग्वानो युरोप-अमेरिकेकडच्या शेतांत गेला.

तो खोदला कोणी? पुष्कळसा चीनमधून कराराच्या कागदावर अंगठे घेऊन आणलेल्या मजुरांनी. डोळे-घसा जाळणाऱ्या त्या धुळीत, चाबकाच्या धाकाखाली ते राबले. कित्येकांनी कड्यावरून समुद्रात उड्या घेतल्या. या बेटांसाठी १८६४ साली स्पेनने युद्धनौका धाडल्या आणि युद्ध पेटले. अमेरिकेने १८५६ साली कायदाच केला की आपल्या नागरिकाला कोठे असे मालक नसलेले बेट सापडल्यास त्यावर हक्क सांगता येईल. १८७४च्या सुमारास चिंचा बेटे खरवडून संपली. पाखरांनी हजारो वर्षे साठवलेली ठेव माणसाने एका आयुष्यात खाऊन टाकली.

उकिरडा आणि ग्वानो यांतला फरक येथेच आहे. उकिरडा दरसाल भरतो. ग्वानो होता तोवर होता.

*

ज्या काळात ही जहाजे पेरूहून सुटत होती, त्या काळात आपल्याकडे काय चालले होते? महात्मा जोतीराव फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. त्यात त्यांनी एक फार नेमकी गोष्ट हेरली होती. डोंगरावरचा पाला, फुले, मेलेल्या जीवजंतूंचा कुजलेला अंश पावसाच्या पाण्याबरोबर वाहून खाली शेतांत येई आणि जमिनी सकस होत. डोंगर-राने जंगलखात्याने घशात घातल्यावर शेतकऱ्याची ती वाट बुजली. त्यांनी नुसते गाऱ्हाणे मांडले नाही. जागोजाग ताली आणि बंधारे घालून पाणी मुरवावे, असा उपायही सांगितला. पुस्तकी शेतकीतज्ज्ञ ज्याला कचरा म्हणत, त्याला फुले जमिनीचे अन्न म्हणत होते.

सहा वर्षांनी, १८८९ अखेर, व्होल्कर नावाचा इंग्रज रसायनतज्ज्ञ हिंदुस्थानची शेती सुधारण्यास पाठवला गेला. वर्षभर देश हिंडून १८९३ साली त्याने जो अहवाल छापला, तो वाचून त्याच्या धन्यांना नवल वाटले असेल. इथला रयत अडाणी नाही, चांगल्यात चांगला रयत सरासरी इंग्रज शेतकऱ्याच्या तोडीचा आहे आणि काही बाबतींत सरसही आहे, असे त्याने लिहिले. मग तो शेण का जाळतो? कारण त्याला सरपण मिळत नाही. सरपण द्या, तो शेण शेतात घालील. यासाठी सरपण आणि चारा देणारी राने राखावीत, अशी शिफारस त्याने केली. गोवरी थापणाऱ्या बाईला मूर्ख म्हणणाऱ्या शहाण्यांनी हा अहवाल अवश्य वाचावा.

*

यानंतर आपण येतो ते इंदूरला. कुजलेल्या खताला ‘कंपोस्ट’ हे नाव घेऊन जगभर जी पद्धत गेली, तिला ‘इंदूर पद्धत’ म्हणतात. अहिल्यादेवींच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या शहराचे नाव जगातल्या बागाईतदारांच्या तोंडी उकिरड्यामुळे आले, याचा अभिमान आपण कधी धरला आहे काय?

अल्बर्ट हॉवर्ड हा इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १९०५ साली बिहारातल्या पुसा येथे सरकारी नोकरीवर आला. बरोबर पत्नी गॅब्रिएल, तीही त्याच शास्त्रातली. पुसाभोवतीच्या शेतकऱ्यांची पिके औषधांच्या फवाऱ्याविना निरोगी दिसतात, हे त्याच्या ध्यानात आले. दुसरा कोणी असता तर योगायोग म्हणून सोडून देता. हॉवर्डने या शेतकऱ्यांनाच आपले गुरू मानले. पिकांवरच्या किडीलाही त्याने गुरुजनांत बसवले. कारण कीड जेथे पडते तेथे शेती चुकली आहे, एवढे ती बिनचूक सांगते. अमेरिकेच्या किंग नावाच्या मृदाशास्त्रज्ञाने १९०९ साली चीन, कोरिया आणि जपान पाहून, चाळीस शतके तीच जमीन कसणाऱ्या शेतकऱ्यांवर पुस्तक लिहिले होते. घरातला, गोठ्यातला, वाटेवरचा एक कणही तेथे वाया जात नाही, हे त्यात हॉवर्डने वाचले.

१९२४ साली इंदूरला वनस्पति-संशोधनाची नवी संस्था निघाली. होळकर दरबाराने सुमारे तीनशे एकर जमीन दिली. तेथे हॉवर्डबरोबर रसायनाची बाजू सांभाळायला यशवंत वाड नावाचे गृहस्थ होते. आडनावावरून आपलेच, मराठी. या दोघांनी सात वर्षे जे केले ते सांगायला सोपे आहे. चिनी शेतकऱ्याचा आणि हिंदी शेतकऱ्याचा उकिरडा त्यांनी तराजूत आणि तापमापकात घातला.

पद्धत अशी. तीस फूट लांब, चौदा फूट रुंद आणि दोन-तीन फूट खोल असा खड्डा. त्यात शेतातला काडीकचरा, तण, पाला. त्यावर शेण, गोठ्यातली गोमूत्राने भिजलेली माती आणि चुलीतली राख. मग पाणी, पण चिखल होईल इतके नाही. असे थरावर थर. माळव्यात पऱ्हाटी मुबलक, पण ती लाकडासारखी टणक; कुजणार कशी? हॉवर्डने ती शेतातल्या गाडीवाटेवर पसरायला लावली. येणाऱ्या-जाणाऱ्या बैलगाड्यांच्या चाकांनी ती आपोआप चुरली जाई. एक पैशाचे यंत्र लागले नाही. ढीग तापू लागे. आतली उष्णता पासष्ट अंशांपर्यंत चढे. त्यात तणांचे बी मरते आणि माश्यांच्या अळ्याही. सोळाव्या दिवशी पहिल्यांदा खाली-वर करायचे, महिन्याने दुसऱ्यांदा, दोन महिन्यांनी तिसऱ्यांदा, आणि प्रत्येक वेळी आत वारा खेळू द्यायचा. तीन महिन्यांत काळेभोर, भुसभुशीत, पावसाळी मातीचा वास येणारे खत तयार.

त्यांना एक गणितही गवसले. कचऱ्यात कर्ब पुष्कळ आणि नत्र थोडा. शेणामुताची गोष्ट उलटी. ज्या सूक्ष्म जिवांकडून हे कुजण्याचे काम होते, त्यांना दोन्ही लागतात. सुमारे तीस भाग कर्बाला एक भाग नत्र. नत्र कमी पडला तर ढीग थंड बसून राहतो. जास्त झाला तर उडून जातो आणि घाण सुटते.

हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवले. माझ्या अंगणात एका कोपऱ्यात चार महिने थंड बसलेला पाचोळा होता, आणि दुसऱ्या कोपऱ्यात उग्र दर्प सोडणारे कोंबडखत. एक उपाशी, दुसऱ्याला अजीर्ण. इंदूरच्या प्रयोगशाळेने सात वर्षांत जे आकडे मांडले, ते त्या घट्टे पडलेल्या हातांच्या बाईने एका वाक्यात सांगितले होते. यात प्रयोगशाळेचा कमीपणा नाही. कारण आकडे नसते तर ते वाक्य आमच्या आळीबाहेर गेले नसते. पण ते वाक्य आधी होते, हे विसरून चालणार नाही. हॉवर्ड ते विसरला नाही.

१९३० साली गॅब्रिएल वारली. १९३१ साली हॉवर्ड मायदेशी परतला. त्याच वर्षी शेतीच्या टाकाऊ मालावरचे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यावर नावे दोन आहेत: अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत डी. वाड. हॉवर्डला पुढे ‘सर’ किताब मिळाला. १९४० सालच्या त्याच्या ग्रंथाने इंग्लंड-अमेरिकेत सेंद्रिय शेतीची चळवळ उभी राहिली; १९४२ साली अमेरिकेत रोडेलने मासिक काढून घरोघरच्या परसात कंपोस्टचा ढीग पोचवला. आज न्यूयॉर्कपासून न्यूझीलंडपर्यंत जो कोणी बागेच्या कोपऱ्यात पालापाचोळा कुजवतो, त्याला हॉवर्डचे नाव सांगता येते. वाडांचे नाव कोणाला सांगता येते? महाराष्ट्रात किती शाळामास्तरांना सांगता येईल? मला गेल्या वर्षापर्यंत येत नव्हते.

*

वाड तेथेच थांबले नाहीत. हॉवर्ड गेल्यावर जॅक्सन या सहकाऱ्याबरोबर त्यांनी १९३४ साली वस्तीतला केर आणि मैला इंदूर पद्धतीने कुजवण्याबद्दल पत्रिका लिहिली. आणि येथे या इतिहासाचे बोट एका दुखऱ्या जागेवर पडते.

मैल्याच्या खताला मराठीत ‘सोनखत’ असा शब्द आहे. केवढा सुंदर शब्द! पण सोने म्हणून ते शेतात घेणाऱ्या समाजाने ते डोक्यावर वाहणाऱ्या माणसाला मात्र दारात उभे केले नाही. सोने शेतकऱ्याचे, आणि घाण वाहणाऱ्याची. चिंचा बेटांवरच्या चिनी मजुरासाठी हळहळणे सोपे आहे. तो दूरचा आहे.

१९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात आप्पासाहेब पटवर्धन नावाचे सत्याग्रही होते. जातीने ब्राह्मण, एम. ए. झालेले. त्यांनी तुरुंगाधिकाऱ्यांकडे भंगीकाम मागितले. उच्चवर्णीय कैद्याला ते देता येत नाही, असे उत्तर आले. त्यावर आप्पांनी अन्न कमी केले. आणि डिसेंबरात येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींनीही त्यांच्या पाठिंब्यासाठी उपवास आरंभला. सरकारने विचार करण्याचे आश्वासन दिल्यावर तो सुटला. दुसऱ्याची घाण उचलण्याचा हक्क मिळावा म्हणून उपाशी राहणारा माणूस! कोकणात लोक त्यांना कोकणचे गांधी म्हणू लागले. पुढे कणकवलीला गोपुरी आश्रम काढून त्यांनी माणसाच्या हाताने मैला उचलावा न लागता त्याचे खत होईल, अशा संडासांवर वर्षानुवर्षे प्रयोग केले. कंपोस्टचा प्रश्न हा जमिनीचा जितका, तितकाच माणसाच्या मानाचाही आहे, हे त्यांना कळले होते.

गांधीजींनी १९३५ साली हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदूरला गेले असता ही संस्था पाहिली. १९४७च्या डिसेंबरात, फाळणीच्या आगीत दिल्ली होरपळत असताना, तेथे अखिल भारतीय कंपोस्ट परिषद भरली. कल्पना मीराबेनची, अध्यक्ष डॉ. राजेंद्रप्रसाद. गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये तिच्यावर आवर्जून लिहिले. महिन्याभराने ते गेले. आयुष्याच्या अखेरच्या आठवड्यांत, देश जळत असताना, हा माणूस खतावर लिहीत होता, हे कोणाला विचित्र वाटेल. मला वाटत नाही. माणसे एकमेकांना टाकून देत होती. तो काहीच टाकून देऊ नका म्हणत होता. हाताने मैला उचलण्याची प्रथा बंद करणारे कायदे मात्र १९९३ आणि २०१३ साली झाले. आणि कायदा झाला म्हणजे प्रथा संपली असे नसते, हे वर्तमानपत्र वाचणाऱ्यास सांगायला नको.

*

स्वातंत्र्यानंतर काळ पालटला. १९५१ साली सिंद्रीचा खतकारखाना सुरू झाला, १९६५ साली तुर्भ्याचा. हवेतला नत्र पकडून त्याचे खत करण्याची विद्या हाबर आणि बॉश या जर्मनांनी १९०९ ते १९१३ च्या दरम्यान सिद्ध केली होती; ती पांढऱ्या दाण्यांच्या रूपाने आपल्या बांधावर आली. तिला नावे ठेवणे मला जमणार नाही. त्या दाण्यांनी आणि नव्या बियाण्यांनी भुकेल्या देशाला पोटभर अन्न दिले. पण पोते फोडले की काम भागते, असे झाल्यावर उकिरड्याकडे कोण बघणार? गोठे ओस पडले, बैल गेले, शेण दुर्मिळ झाले. कोंबड्या मात्र परसातल्या खुराड्यातून निघून शेकड्यांनी, हजारांनी शेडमध्ये आल्या.

शेण दुर्मिळ झाल्याची ही अडचण यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद येथील एका गांधीवादी शेतकऱ्याने ओळखली. नारायण देवराव पांढरीपांडे. लोक त्यांना ‘नाडेप काका’ म्हणत. विटांचे टाके बांधायचे, दहा फूट लांब, सहा रुंद, तीन उंच. भिंतीला वारा खेळायला भोके ठेवायची. आत दीड हजार किलोपर्यंत काडीकचरा, त्याहून थोडी अधिक चाळलेली माती, आणि शेण किती? फक्त शंभर किलो. शेण येथे खत म्हणून नाही, विरजण म्हणून. तीन-चार महिन्यांत सुमारे तीन टन खत. एका गाईच्या शेणावर वर्षाला कितीतरी टाकी भरतात. कोल्हापूरकडे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा करून हीच दृष्टी द्राक्षबागांपासून घराच्या गच्चीपर्यंत नेली. शास्त्र जसे इंदूरला शेतकऱ्याकडून शिकले, तसे ते पुन्हा शेतकऱ्याच्या हाती आले.

*

माझ्या ढिगाचे काय झाले, ते सांगून संपवतो.

ती आजी दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. मी पदर खोचल्यासारखे धोतर खोचतो आहे असे म्हणायचा काळ गेला; पँट गुडघ्यापर्यंत दुमडून मी फावडे घेतले. “आदी काटक्या घाला, खालनं वारा जाऊद्या,” ती म्हणाली. मग वीतभर पाचोळा, त्यावर चार बोटे कोंबडखत, त्यावर ओंजळीने माती. पुन्हा पाचोळा. पाणी शिंपडायचे, मूठ आवळली की ओल लागावी, पण थेंब गळू नये. शेवटी वर पाचोळ्याची जाड गोधडी. त्या संध्याकाळी वास निम्मा झाला. दोन दिवसांत माश्या गेल्या. तिसऱ्या दिवशी ढिगात हात घातला तो चटकन मागे घ्यावा लागला, इतका तो तापला होता. शेजारीही कुंपणावरून हात लावून गेले. “जिवंत आहे की हो, मास्तर!” ते म्हणाले. दर पंधरवड्याला मी ढीग खाली-वर केला. चार महिन्यांनी त्यातले कोंबडखत ओळखू येईना, पाचोळाही ओळखू येईना. दोघांची मिळून तिसरीच एक वस्तू झाली होती. तिला मातीचा वास होता.

त्यातले घमेलाभर खत मी वर्गात नेले. मुलांनी हातात घेऊन पाहिले, वास घेतला. हे काय आहे, कोणालाच सांगता येईना. शेडवाल्या घरच्या त्या पोराने मात्र हात वर केला. हा मुलगा गणितात कच्चा. माझे ते नेहमीचे वाक्य त्याने इतरांपेक्षा जास्त वेळा ऐकले होते. तो उभा राहिला आणि थर कसे लावायचे, पाणी किती, वारा कशाला, हे सगळे धडाधड सांगत गेला. वर्ग ऐकत होता. मीही ऐकत होतो. त्याचे संपल्यावर मी फळ्यावर दोन नावे लिहिली: हॉवर्ड आणि वाड. थोडा विचार करून खाली तिसरे लिहिले. ते त्या मुलाच्या आजीचे होते.

डोक्यात शेण भरले आहे काय, हा प्रश्न मी त्यानंतर कोणाला विचारलेला नाही. त्याचे उत्तर होकारार्थी आले, तर त्या डोक्यात पुढे काय उगवेल हे मास्तराला आधी कळत नाही.

यंदा आमच्याकडे पणत्या लावून झाल्या की शेवटची कोपऱ्यातल्या ढिगावर जाईल. माझी मुलगी नाक मुरडून विचारीलच. तिला काय सांगायचे, ते आजीने मला सांगून ठेवले आहे.